‘सांक्तुस’ आणि ‘संत’ : एका नात्याची चौकशी



वसंत व्याख्यानमालेत राज्यांचा इतिहास सांगितला जातो, लढायांचा सांगितला जातो, थोर पुरुषांची चरित्रे सांगितली जातात. आज आम्ही एका शब्दाचे चरित्र सांगणार आहोत. शब्द लॅटिन भाषेतला आहे. नाम नव्हे, क्रियापद नव्हे, साधे विशेषण. ‘सांक्तुस’ हे त्याचे पुल्लिंगी रूप. इंग्रजीतला ‘सेंट’, इटालियनमधला ‘सान्तो’ आणि पोर्तुगीजांचा ‘सांव’ ही सारी त्याचीच लेकरे. एवढे सांगितले की श्रोत्यांपैकी पुष्कळांच्या मनात एक प्रश्न उभा राहील. मग आमचा ‘संत’ कोण? ‘सेंट’ आणि ‘संत’ यांचा अर्थ एक, ध्वनीही जवळजवळ एक. तेव्हा हे दोन शब्द एकाच मुळाचे, किंवा एकाने दुसऱ्याकडून उचललेले, असे कोणीही म्हणेल. तसे म्हणणारे लोक आम्हांला वारंवार भेटतात. काहीजण म्हणतात, युरोपने हा शब्द आपल्याकडून नेला. काहीजण म्हणतात, पाद्र्यांनी तो इकडे आणला.

वारसाचा दावा न्यायालयात आला म्हणजे न्यायाधीश केवळ चेहरेपट्टी पाहून निकाल देत नाही. तो कागद मागतो, पिढ्या मोजतो, कोण केव्हा कोठे होता हे विचारतो. शब्दांच्या नात्याचेही तसेच आहे. म्हणून या विशेषणाची रूपे कोणती, त्याचा उच्चार कसा होता आणि तो कसकसा बदलत गेला, हे क्रमाने पाहू आणि मग निकालाकडे वळू.

प्रथम अर्थ पाहू. ‘सांक्तुस’ म्हणजे ‘पवित्र’ असे कोशात दिलेले असते. पण जुन्या रोमन माणसाला या शब्दाने देवभक्ती आठवत नसे. त्याला कायदा आठवे. लॅटिनमध्ये ‘सांकिओ’ हे क्रियापद आहे. त्याचा अर्थ, एखादी गोष्ट विधिपूर्वक कायम करणे आणि ती मोडणाराला दंड ठरविणे. जे अशा रीतीने दंडाच्या कुंपणात ठेवले गेले ते ‘सांक्तुस’. दुसऱ्या शतकातील गायस या धर्मशास्त्रकाराचा ग्रंथ १८१६ साली व्हेरोना येथे नीबूर या जर्मन इतिहासकाराला सापडला. त्या ग्रंथात ‘सांक्तुस’ वस्तूंचे उदाहरण दिले आहे ते देवळाचे नव्हे, मूर्तीचेही नव्हे. ते आहे शहराच्या तटाचे आणि वेशींचे! तट ओलांडणाराला रोमन कायद्यात देहदंड होता. रोमुलसने बांधलेल्या तटावरून त्याच्या भावाने, रेमसने, थट्टेने उडी मारली आणि तो प्राणाला मुकला, ही रोमची कथा याच कल्पनेतून आली आहे. परंपरेप्रमाणे ख्रिस्तपूर्व ४९४ मध्ये सामान्य जनांनी आपले कैवारी, म्हणजे ट्रिब्यून, निवडून घेतले. त्यांच्या अंगाला जो हात लावील त्याचा वध केला तरी पाप नाही, अशी शपथ लोकांनी वाहिली. या ट्रिब्यूनांना विशेषण लावले ते ‘साक्रोसांक्तुस’.

याच क्रियापदापासून ‘सँक्शन’ हा शब्द निघाला, आणि तो आपल्या गावागावांत पोहोचला आहे. सोसायटीतून कर्ज ‘सँक्शन’ झाले म्हणजे मंजूर झाले. पण वर्तमानपत्रात एका राष्ट्राने दुसऱ्यावर ‘सँक्शन्स’ लादल्याचे वाचतो तेव्हा अर्थ होतो निर्बंध. एकाच शब्दाला मंजुरी आणि निर्बंध असे दोन उलटे अर्थ कसे, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर रोमच्या तटात आहे. कायम करणे आणि मोडणाराला दंड ठेवणे ही एकाच कृतीची दोन अंगे होती.

आता रूपे. लॅटिन विशेषण नामाप्रमाणे लिंग बदलते: पुल्लिंगी ‘सांक्तुस’, स्त्रीलिंगी ‘सांक्ता’, नपुंसकलिंगी ‘सांक्तुम’. ज्यांनी शाळेत संस्कृत घोकले आहे त्यांना येथे घरच्यासारखे वाटेल. ‘नवा’ या अर्थाचे लॅटिन विशेषण घ्या: नोवुस, नोवा, नोवुम. आपले रूप नवः, नवा, नवम्. फार जुन्या लॅटिन लेखांत शेवटी ‘उस’च्या जागी ‘ओस’ आणि ‘उम’च्या जागी ‘ओम’ आढळते; म्हणजे मागे जावे तसे ‘नोवोस’ आणि मूळचा ‘नवस्’ आणखी जवळ येतात. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग पडणार आहे.

मराठीने ही तिन्ही लिंगे अजून राखली आहेत: नवा, नवी, नवे. हिंदीने नपुंसकलिंग सोडले, तसे लॅटिनच्या मुलींनीही सोडले. इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज, फ्रेंच यांत दोनच लिंगे उरली. पण ‘सांक्तुम’ हे नपुंसकलिंगी रूप अजिबात नाहीसे झाले नाही. इंग्रजीत लिहिलेल्या आपल्या देवळांच्या वर्णनांत गाभाऱ्याला ‘सँक्टम’ म्हणतात ते हेच. कोणी विद्वत्ता दाखवून ‘सँक्टम सँक्टोरम’ असेही म्हणतो. त्यातला दुसरा शब्द षष्ठीचे अनेकवचन आहे: पवित्रांमधले पवित्र. ही बोलण्याची रीत मूळ हिब्रू भाषेतली. जेरुसलेमच्या मंदिरातील सर्वांत आतल्या दालनाला असे म्हणत, आणि बायबलच्या भाषांतरातून ती लॅटिनमध्ये आली.

आता उच्चाराकडे वळू. दोन हजार वर्षांपूर्वीचा उच्चार कळतो तरी कसा, अशी शंका येणे साहजिक आहे. त्या वेळी ध्वनिमुद्रण नव्हते हे खरे. पण साक्षीदार पुष्कळ आहेत. व्याकरणकारांची टिपणे आहेत, परक्या लिप्यांत लिहिलेली लॅटिन नावे आहेत आणि कमी शिकलेल्या पाथरवटांच्या चुका आहेत. पंडित नियमाने लिहितो, म्हणून त्याच्या लेखणीतून उच्चार कळतोच असे नाही. पाथरवट कानाला लागेल तसे खोदतो. त्यामुळे उच्चाराच्या बाबतीत त्याची चूक पंडिताच्या शुद्धलेखनापेक्षा अधिक मोलाची ठरते.

‘सांक्तुस’मधला पहिला स्वर दीर्घ होता. दीर्घ स्वरावर रोमन लोक कधी कधी एक तिरपी रेघ देत. तिला ‘आपेक्स’ म्हणत. त्या रेघांवरून आणि जुन्या व्याकरणकारांच्या टिपणांवरून अशा कित्येक शब्दांतला स्वर ठरविता येतो. पुढचा अनुनासिक वर्ण लिहीत ‘न’, पण बोलत ‘ङ’. याला सिसेरोचा समकालीन विद्वान निगिडियस फिगुलस याची साक्ष आहे. तो सांगतो की ‘क’ आणि ‘ग’ यांच्यापूर्वी येणारा ‘न’ हा खरा ‘न’ नव्हे, कारण तो उच्चारताना जीभ टाळूला लागत नाही. रोमन लिपीत ‘ङ’ला अक्षर नव्हते, म्हणून त्याला एवढे समजावून सांगावे लागले. आपल्याकडे पहिलीतल्या मुलाच्या वर्णमालेतही कवर्गाच्या शेवटी ‘ङ’ बसलेला असतो. त्याचे मोल अशा वेळी कळते. त्यानंतरचा वर्ण ‘क’. लॅटिनमध्ये हे अक्षर पुढे ‘ए’ किंवा ‘इ’ आले असता उत्तरकाळी ‘च’ किंवा ‘स’ झाले. ग्रीक लोक सिसेरोचे नाव ‘किकेरोन’ असे लिहीत आणि जर्मन भाषेत सीझरचा ‘कायझर’ झाला, त्यावरून मूळचा ‘क’ सिद्ध होतो. आपल्या विशेषणात मात्र पुढे ‘त’ आहे, तेव्हा हा वाद येथे नाही. एकंदरीत सुशिक्षित रोमन माणूस ‘साङ्क्तुस्’ असे म्हणत असे.

परंतु ‘ङ्क्त’ हे जोडाक्षर जिभेला जड आहे. सामान्य लोक त्यातला मधला ‘क’ गिळू लागले. ही खोड लॅटिनला आधीपासूनच होती. पाचवा या अर्थाचा ‘क्विंक्तुस’ शब्द फार पूर्वीच ‘क्विंतुस’ झाला होता. ‘सांक्तुस’च्या बाबतीतही ‘क’ गाळून खोदलेली रूपे साम्राज्यकाळच्या शिलालेखांत सापडतात. यात रोमन लोकांचे विशेष काही नाही. आपल्या तोंडानेही हेच केले आहे. संस्कृत ‘पङ्क्ति’, प्राकृत ‘पंति’, मराठी ‘पांत’. साङ्क्तुस्, सांतुस, सांतो. दोन भाषा, हजारो मैलांचे अंतर, कोणी कोणाला शिकविलेले नाही. पण जीभ माणसाचीच, म्हणून तिने अडचणीतून वाट काढली तीही एकाच पद्धतीने. ‘सप्त’चा ‘सात’ आणि ‘दुग्ध’चे ‘दूध’ करणाऱ्यांना हे नवल वाटू नये.

मधल्या काळात अर्थ बदलला. ख्रिस्ती धर्माची पुस्तके ग्रीकमधून लॅटिनमध्ये आली तेव्हा श्रद्धावंतांच्या साऱ्या समुदायासाठी ग्रीकमध्ये जो शब्द होता त्याच्या जागी ‘सांक्तुस’चे अनेकवचन योजले गेले. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमने केलेल्या भाषांतराने ते कायम झाले. पुढे हे विशेषण धर्मासाठी प्राण देणाऱ्या हुतात्म्यांकडे विशेषेकरून जाऊ लागले आणि नंतर इतर थोर साधुपुरुषांकडे. पूर्वी अमुक मनुष्य ‘सांक्तुस’ आहे असे वर्णन करीत. आता ‘सांक्तुस’ ही नावाआधीची पदवी झाली.

पदवी झाली की शब्द झिजतो, कारण बोलताना सारा जोर पुढच्या नावावर पडतो. ‘पंडित’चा ‘पंत’ झाला तो असाच. इटलीत नुसते विशेषण असेल तर ‘सान्तो’, पण नावापूर्वी ‘सान फ्रान्चेस्को’, स्वरापूर्वी ‘सान्तान्तोनिओ’, आणि ‘स्त’सारखे जोडाक्षर पुढे आले तर पुन्हा पुरते ‘सान्तो स्तेफानो’. स्त्रीलिंगी ‘सान्ता मारिया’. स्पेनमध्येही नावापूर्वी ‘सान’. फक्त ‘तो’ किंवा ‘दो’ने सुरू होणाऱ्या काही नावांपूर्वी ‘सान्तो’ राहिला, जसे सान्तो तोमास, सान्तो दोमिंगो. फ्रान्समध्ये तर गिळलेल्या ‘क’ची खूण मागे राहिली. फ्रेंच लोक हा शब्द लिहिताना ‘अ’नंतर ‘इ’ लिहितात. ती ‘इ’ कोठून आली? लॅटिनमध्ये ती नव्हती. ‘क’ मृदू होत होत ‘य’ झाला आणि त्या ‘य’ची ही ‘इ’! पुढे अखेरचा ‘त’ही मुका झाला आणि उच्चार उरला ‘सँ’. म्हणजे कागदावर पाच अक्षरे आणि तोंडात एक सानुनासिक स्वर.

इंग्रजांनी हा शब्द फ्रेंचांकडून घेतला आणि आणखी मोडला. ‘सेंट मॉर’पासून ‘सीमोर’ हे आडनाव झाले, ‘सेंट क्लेअर’पासून ‘सिंक्लेअर’. ईली गावी सेंट ऑड्रीच्या जत्रेत स्वस्त, भपकेदार रेशमी फिती विकत. ‘सेंट’चा ‘ट’ सुटून ‘ऑड्री’ला चिकटला आणि भडक, हलक्या प्रतीच्या वस्तूला ‘टॉड्री’ म्हणू लागले. रोमच्या तटावर उभा असलेला ‘त’ असा जत्रेतल्या फितीला येऊन लटकला!

लोकांच्या तोंडी शब्द इतका झिजत असता देवळात काय चालले होते? तेथे लॅटिन पुस्तक होते. आठव्या शतकाच्या शेवटी शार्लमेनच्या दरबारातील आल्क्विन आदी पंडितांच्या प्रेरणेने अक्षर न् अक्षर उच्चारावे अशी शिस्त आली. मग ‘सांक्तुस’ पुन्हा ‘क’सकट ऐकू येऊ लागला, पण गावकऱ्यांना लॅटिन कळेनासे झाले. ८१३ साली तूर येथे भरलेल्या धर्मपरिषदेला ठराव करावा लागला, की प्रवचने लोकांच्या ‘रोमन गावठी’ भाषेत किंवा जर्मन भाषेत, त्यांना समजतील अशी करावीत. भाषेच्या इतिहासात हा ठराव महत्त्वाचा आहे. ग्रंथातला शब्द आणि तोंडातला शब्द हे आता दोन झाले आहेत, हे तेथे प्रथमच उघडपणे मान्य झाले. आपण तत्सम आणि तद्भव म्हणतो तोच हा भेद. ‘कृष्ण’ पोथीत राहतो आणि ‘कान्हा’ अंगणात खेळतो.

आता हा शब्द समुद्रमार्गे आपल्या किनाऱ्याला लागतो. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला. गोवा १५१० मध्ये पोर्तुगीजांच्या हाती गेले. पोर्तुगीज भाषेत व्यंजनापूर्वी ‘सांव’ आणि स्वरापूर्वी बहुधा ‘सान्तो’ म्हणतात: सांव पेद्रु, पण सान्तो आंतोनियो. या ‘सांव जुआंव’चाच गोव्यात ‘सांजांव’ झाला. चोवीस जूनला, भर पावसात, डोक्यावर पानाफुलांचे मुकुट घालून तरुण मंडळी विहिरीत उड्या घेतात, त्या सणाच्या नावातला पहिला ‘सां’ म्हणजे आमचा ‘सांक्तुस’. पणजीचे ‘सांतिनेज’ म्हणजे ‘सान्ता इनेस’. मुंबईचे सांताक्रूझ हे पोर्तुगीज अमलातले नाव. ‘क्रूझ’ म्हणजे क्रूस हे त्या भाषेत स्त्रीलिंगी नाम, म्हणून विशेषणही स्त्रीलिंगी ‘सान्ता’. सांताक्रूझला उतरणारा प्रवासी नकळत लॅटिन व्याकरणाचा एक नियम उच्चारीत असतो.

मग नाताळातला ‘सांताक्लॉज’? दाढीवाल्या म्हाताऱ्याला स्त्रीलिंगी विशेषण कसे लागले? तसे ते लागलेलेच नाही. तो डच लोकांचा ‘सिंतरक्लास’, म्हणजे संत निकोलस. अमेरिकेत इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी त्याचा ‘सांताक्लॉज’ झाला. दोन्ही ‘सांता’ शेवटी लॅटिनपर्यंत पोहोचतात, पण एक पोर्तुगालच्या वाटेने आणि दुसरा हॉलंडच्या. ध्वनी एक झाला म्हणून रूप एक होत नाही, हा पहिला धडा.

येथे आमच्या ‘संता’ची साक्ष काढू. पहिला प्रश्न काळाचा. तो पाद्र्यांनी आणला का? ज्ञानेश्वरी शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० ची. पोर्तुगीज गलबते दिसण्यापूर्वी दोनशे वर्षे ‘संत’ मराठीत नांदत होते. त्याच्याही मागे, कालिदासाच्या काळी, ‘सन्तः’ हे रूप विवेकी, जाणत्या माणसांसाठी रूढ होते. तेव्हा आयातीचा दावा येथेच निकालात निघतो. युरोपने आपल्याकडून तो नेला हा दावाही टिकत नाही, कारण लॅटिन विशेषणाच्या साऱ्या पिढ्या आपण तटापासून आत्तापर्यंत मोजल्या. त्यात बाहेरून दत्तक आलेला कोणी दिसला नाही.

राहिला तिसरा दावा, की दोघे एकाच आदिम मुळाचे असतील. त्यासाठी दोन्ही शब्द उकलून पाहिले पाहिजेत. ‘सांक्तुस’चे मूळ ‘सक्’. त्याच मुळाचा ‘साकेर’ हा शब्द लॅटिनमध्ये आहे, त्यात ‘न’ नाही. ‘सांकिओ’मधला ‘न’ मुळाच्या पोटात शिरलेला आहे. संस्कृतात ‘युज्’ धातूचे ‘युनक्ति’ होताना जसा ‘न’ मध्ये शिरतो, लॅटिनमध्ये ‘युगुम’ म्हणजे जू आणि ‘युंगो’ म्हणजे जोडतो, तसाच हा प्रकार. आणि शेवटचा ‘त’ म्हणजे आपला ‘क्त’ प्रत्यय. कृत, मत, युक्त यांतला. तेव्हा ‘सांक्तुस’ म्हणजे ‘ज्याला अभंग केले गेले आहे तो’. हे कर्मणि रूप झाले.

‘संत’ची घडण निराळी. धातू ‘अस्’, म्हणजे असणे. त्याचा ‘अ’ गळतो आणि उरतो नुसता ‘स्’. त्याला ‘शतृ’ प्रत्यय लागून ‘सत्’ होते. पुल्लिंगी एकवचन ‘सन्’, अनेकवचन ‘सन्तः’. प्राकृतात या साऱ्याचे ‘संत’ असे अंग झाले. म्हणजे येथला ‘न’ आणि ‘त’ दोन्ही एकाच प्रत्ययाचे. अर्थ, ‘जो आहे तो’. जे खरोखर आहे ते खरे, आणि खरे ते चांगले. हे कर्तरि रूप झाले. दोन शब्दांत समान केवळ आरंभीचा ‘स’ दिसतो. पण एका ठिकाणी तो ‘सक्’चा आहे, दुसऱ्या ठिकाणी ‘अस्’चा. मग ‘न’ वेगळा, ‘त’ वेगळा, आणि एकीकडे ‘क’ आहे तो दुसरीकडे कधीच नव्हता. संस्कृताला ‘ङ्क्त’चे भय नाही, ‘पङ्क्ति’ त्यात सुखाने राहते. ‘सन्तः’मध्ये मूळचा ‘क’ असता तर तो दिसला असता.

श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी म्हणून जी गोष्ट सांगितली तिचा उपयोग आता होतो. ‘नोवुस’ आणि ‘नव’ हे खरे भाऊ. मागे जावे तसे ते एकमेकांजवळ येतात. ‘सेंट’ आणि ‘संत’ यांचे उलट आहे. आज ते जुळे वाटतात. हजार-बाराशे वर्षे मागे जा, फ्रेंच रूपात अखेरचा ‘त’ बोलला जातो आणि ‘क’चा ‘य’ झालेला असतो. दोन हजार वर्षे मागे जा, ‘साङ्क्तुस्’ आणि ‘सन्तः’! त्याच्याही मागे जा, ‘सक्’ आणि ‘अस्’. प्रत्येक पिढीला ते दूर जातात. खरे नाते मागे जाताना घट्ट होते, खोटे नाते मागे जाताना सुटते. शब्दांच्या वंशावळीची याहून सोपी कसोटी आम्हांला ठाऊक नाही.

मग ‘संता’चे युरोपात कोणी आहे की नाही? आहेत, आणि ते अनपेक्षित जागी बसले आहेत. लॅटिनमध्ये ‘अस्’चे हे कर्तरि विशेषण जोडशब्दांत उरले: ‘प्रायसेन्स’ म्हणजे पुढे असलेला, ‘आब्सेन्स’ म्हणजे दूर असलेला. इंग्रजीतले ‘प्रेझेंट’ आणि ‘ॲबसेंट’ ते हेच. शाळेत हजेरीच्या वेळी मूल ‘प्रेझेंट’ म्हणून ओरडते, तेव्हा त्या शब्दाच्या उत्तरार्धात आपला ‘सन्त’ उभा असतो. इंग्रजीत सत्य या अर्थाचा जुना शब्द ‘सूथ’ हाही त्याच घराण्यातला. आणि लॅटिनमधला सुटा राहिलेला भाऊ ‘सोन्स’. त्याचा अर्थ मात्र अपराधी! ‘हे करणारा कोण?’ या प्रश्नाला ‘आहे तो हाच’ असे उत्तर मिळाले की तो ‘सोन्स’, अशी त्याची उपपत्ती भाषाशास्त्रज्ञ देतात. इंग्रजी ‘सिन’, म्हणजे पाप, हाही बहुधा त्याच मुळाचा. एका घराण्यातला एक मुलगा पंढरीला गेला आणि दुसरा कठड्यात उभा राहिला.

सर्वांत मौजेची साक्ष पोर्तुगीज भाषेची. तिच्यात ‘सांव’ असा एकच ध्वनी असलेले तीन शब्द आहेत. एक ‘सांक्तुस’पासून आलेला, म्हणजे साधू. दुसरा ‘सानुस’पासून आलेला, म्हणजे निरोगी. तिसरा क्रियापद, ‘ते आहेत’; तो लॅटिन ‘सुन्त’पासून आला आणि ‘सुन्त’ म्हणजे संस्कृतातले ‘सन्ति’. पहिला ‘सांव’ अर्थाने आपल्या ‘संता’सारखा, पण तो परका. तिसऱ्याचा अर्थ साधा, त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही, पण रक्ताचा तोच.

ही चौकशी करण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन आहे. व्हॅटिकन म्हणजे वाटिका, अशा धर्तीच्या व्युत्पत्त्या आपल्याकडे मोठ्या हौसेने सांगितल्या जातात. त्यांनी अभिमान सुखावतो. पण ज्यांना आपण आप्त म्हणून मिठी मारतो ते परके निघतात, आणि खरे आप्त ओळखीवाचून दाराशी उभे राहतात. वस्तुतः खऱ्या नात्याचा सुगावा आमच्याच भूमीवर फार लवकर लागला होता. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आला. पुढे १६१६ मध्ये ज्याचे मराठी ख्रिस्तपुराण छापले गेले तोच हा. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने नोंद केली, की इकडच्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे. त्याच सुमारास फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी इकडे होता; १५८८ मध्ये तो गोव्यातच वारला. त्याने संस्कृत आणि इटालियन यांतील सहा, सात, आठ, नऊ हे आकडे, देव आणि सर्प हे शब्द जुळतात असे पत्रात लिहिले. सर विल्यम जोन्सने कलकत्त्यास आपले प्रसिद्ध भाषण केले ते त्यानंतर दोनशे वर्षांनी, १७८६ मध्ये. स्टीफन्सने घडण पाहिली, सास्सेत्तीने आकड्यांसारखे सहसा उसने न घेतले जाणारे शब्द पाहिले. दोघांनी योग्य जागी बोट ठेवले. एकट्यादुकट्या शब्दाच्या तोंडावळ्यावर ते भुलले नाहीत.

आणखी एक गोष्ट सांगून आटोपते घेतो. रोमच्या धर्मसंस्थेत साधुत्व जाहीर करावे लागते. त्याची रीतसर चौकशी होते, साक्षी होतात, आणि मग अधिकारी शब्द उच्चारला जातो. पोपने असा निर्णय दिल्याचे पहिले लेखी उदाहरण ९९३ सालचे. ज्यांचे शव जुन्या गोव्यात आहे त्या फ्रान्सिस झेवियर यांना ही पदवी १६२२ मध्ये मिळाली. ‘सांक्तुस’ हे कर्मणि रूप आहे. कोणीतरी ‘करावे’ तेव्हा तो होतो. आमच्याकडे तुकोबांना किंवा चोखोबांना संत ठरविणारी सभा कोठेही भरली नाही. त्यांचे अभंग म्हणणाऱ्या लोकांनी ‘ते आहेत’ एवढेच ओळखले. ‘संत’ हे कर्तरि रूप आहे. व्याकरणाने या दोन समाजांची रीत घडविली असे आमचे म्हणणे नाही. पण दोन शब्दांनी आपापली मूळची घडण इतक्या शतकांनंतरही विसरली नाही, हे खरे. यात एक श्रेष्ठ आणि दुसरा कनिष्ठ असा निवाडा आम्ही करीत नाही. ते दोघे भाऊ नव्हेत, शेजारी आहेत. सांजांवच्या गोव्यात आणि वसईच्या गावांत ते कित्येक शतके शेजारधर्माने राहिले आहेत, आणि शेजाऱ्याशी प्रेमाने वागण्यासाठी खोटी सोयरीक जोडण्याची गरज नसते.